माकडखिंडीतलं 'हो'

"बैल? आता बैलाचं नाव काढू नका माह्यासमोर!" उकंडराव पाटलांनी पारावर मांडी ठोकून जाहीर केलं. "दीड दिसाचा घाट तीन घंट्यात! सकाळचा चहा सोनाळ्यात, आन दुपारची भाकर बहिनीच्या घरी!"

पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कोणाला? पाराशेजारी ती उभीच होती ना. जीप! महायुद्ध संपलं, सरकारनं लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या, आणि उकंडरावांनी थेट नागपूर गाठून त्यातली एक उचलून आणली. सोनाळ्यात ती पहिल्यांदा धडधडत शिरली तेव्हा चार म्हशींनी पान्हा चोरला, आणि गावच्या भजनी मंडळाचा पखवाज आपोआप वाजायला लागला, असं सांगणारे साक्षीदार आजही भेटतील.

आता तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातल्या एका कास्तकाराला मोटारीचा हा शौक आला कुठून? शौक कसला! ही सगळी उठाठेव एका फोटोपायी होती.

उकंडरावांची धाकटी बहीण सोजराबाई दिली होती निंबखेडीला. निंबखेडी म्हणजे सातपुड्याच्या पार डोक्यावर, आणि मध्ये माकडखिंड. नाव माकडखिंड, पण माकडंसुद्धा तिथून उतरताना बसून घसरत उतरत. खिंडीतून खाली थुंकलं तर थुंकी वाटेतच वाळते, अशी तिची ख्याती. सोजराबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा उकंडराव बैलगाडी जुंपून निघाले, आणि ऐन खिंडीत त्यांचा मोऱ्या बैल बसला. बसला तो बसलाच! शेपटी पिरगाळली, गूळ दाखवला, शेवटी हात जोडले. मोऱ्या रवंथ करत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वतःला वाटलं तेव्हा, उठला.

तोवर लग्न लागून गेलं होतं. मामाशिवाय लग्न लागतं का? नवरीनं बोहल्यावर नेसायचं पिवळं लुगडं मामाच्या घरचं, आणि अक्षता पडताना तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानंच. मुहूर्त टळायला लागला तशी मंडळींनी सोजराबाईच्या चुलतभावाला, पंजाबरावाला, पुढं केलं. खामगावहून आलेल्या फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. सोजराबाईच्या ओसरीवर तो फोटो लागला. दर भाऊबिजेला उकंडराव त्या फोटोसमोर जेवायला बसत, आणि फोटोतला पंजाबराव मिशीला पीळ देऊन त्यांच्या ताटाकडे बघे. सहा वर्षं त्यांच्या घशाखाली बहिणीच्या हातची पुरणपोळी सरळ उतरली नव्हती!

आता दुसऱ्या भाचीचं, शारदाचं लग्न होतं. सोजराबाईचा निरोप आला तो असा: "दादाले सांगजा, मुहूर्ताले आला त मामा. मुहूर्तानंतर आला त पाव्हना!"

निरोप ऐकून उकंडरावांचं काळीज चरकलं. मामापण पुन्हा हुकलं तर जगून तरी काय करायचं? म्हणून जीप!

जीप आली खरी, पण ती आणून सोडणारा नागपूरचा ड्रायव्हर परत गेल्यावर चालवायची कोणी? पहिल्या दिवशी स्वतः उकंडराव बसले. गाडी सुरू झाली, वेशीपर्यंत मजेत गेली. थांबवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढून धरलं आणि, जन्माची सवय, जोरानं ओरडले, "होऽऽ! हो हो होऽऽ!" मोऱ्याच काय, वऱ्हाडातला कुठलाही बैल या हाकेवर जागच्या जागी उभा राहतो. जीप राहिली नाही. ती कडब्याच्या गंजीत शिरून थांबली.

डोक्यातला कडबा काढताना मनकर्णाबाई, म्हणजे पाटलीणबाई, एवढंच म्हणाल्या, "चालवनारा पाहा एखादा. मले कुंकू प्यारं हाय."

चालवणारा सापडला तो शाळेत. लक्ष्मीकांत मास्तर मूळचे पुण्याचे, बदलीनं सोनाळ्याला आलेले. लढाईच्या काळात लष्कराच्या मोटारींच्या डेपोत होते. गडी नम्र, भाषा धुतलेल्या तांदळासारखी.

"मास्तर, जीप चालवता येते का तुमाले?"

"हो."

"घाटात?"

"हो, हो."

मास्तरांनी आजवर जीप डेपोच्या आवारातच, तीही एका छपरातून दुसऱ्या छपरात हलवण्यापुरती चालवली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. उकंडरावांनी विचारलंही नाही. लग्नाआधी कोणी इतकं खोदून विचारतं का?

लग्नाच्या आदल्या सकाळी पंजाबराव आपली दमणी जुंपून निघाला. पारापाशी आल्यावर त्यानं "होऽऽ, हो हो होऽऽ!" करून बैल थांबवले आणि विचारलं, "दादा, वहिनी, चालता का? जागा हाय दमणीत."

"तू जाय ना बापा," उकंडराव हसले. "उद्या घाटात तुले मांगं टाकतो. फक्त धूळ खाऊ नको, तोंडाले फडकं बांध!"

मुहूर्त होता गोरज, म्हणजे दिवस मावळतीचा. तीन तासांची वाट! मग घाई कशाची? लग्नाच्या दिवशी उकंडरावांनी दोनदा चहा घेतला. जीपला हार घातला, नारळ फोडला. गावाभोवती तीन फेऱ्या मारल्या, कारण खालच्या आळीतल्या लोकांनी पहिली फेरी पाहिली नव्हती. मग मारुतीला एक प्रदक्षिणा, जीपसकट!

"आवो, ऊन डोक्यावर आलं!" मागच्या बाकावर लुगड्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मनकर्णाबाई करवादल्या. "बह्याडासारखे फिरून काय राह्यले? लगीन निंबखेडीले हाय, मारोतीच्या देवळात नाही!"

अखेर बाराच्या ठोक्याला स्वारी निघाली.

सपाटीवर जीप अशी पळाली की उकंडरावांचा फेटा दोनदा उडाला आणि दोन्ही वेळा तो आणायला मागं जावं लागलं. पायथ्याशी मास्तरांनी एक दांडा ओढला. "आता हिची चारही चाकं ओढतील. घाटासाठी."

"म्हंजे चार बैलाची गाडी झाली म्हना ना!"

"हो, तसंच."

"ऐकलं का व?" उकंडराव मागं वळले. "चार बैल! आन एकबी बसनारा नाही!"

चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर मनकर्णाबाईंनी डोळे मिटले, दुसऱ्यावर देवीचं नाव घेतलं, तिसऱ्यावर देवीला साडी बोलल्या, चौथ्यावर खण-नारळ वाढवला. पाचव्या वळणावर गाडीच्या नाकातून वाफ निघाली. मास्तरांनी प्यायचं पाणी गाडीला पाजलं. "पानीबी पिते, वाफबी टाकते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "फक्त शेन टाकाचं राह्यलं!" पण गाडी चढत होती. उकंडरावांची छाती दर वळणाला इंचभर फुगत होती. सातवं, आठवं, आणि मग शेवटचं वळण. हे ओलांडलं की माथा, तिथून सपाटीवर दीड कोसावर निंबखेडी. दिवस अजून दोन कासरे वर!

शेवटचं वळण मात्र इतकं आखूड होतं, की जीप एका दमात वळेना. एकीकडे कातळ, दुसरीकडे काहीच नाही. खाली फक्त हवा, आणि हवेच्या खाली घारी.

"थोडी मागे घ्यावी लागेल," मास्तरांनी कपाळ पुसलं. "मला मागचं दिसत नाही. आपण उतरून सांगाल का?"

"हाव! त्यात काय?" उकंडराव उतरले आणि मागं जाऊन उभे राहिले. अंगात मामा संचारलेला. "या! या मास्तर! लय जागा हाय! या, या!"

जीप मागं सरकली. एक हात. दोन हात. चाक कडेपासून वीतभर उरलं, आणि उकंडरावांनी सात पिढ्यांच्या सवयीनं हात वर करून आरोळी दिली, "होऽऽ!"

"हो ना? बरं!" मास्तर आतून म्हणाले आणि जीप आणखी मागं आली.

"होऽऽ! हो हो होऽऽ!"

"हो हो, येतोय! येतोय!"

"आरे होऽऽ म्हन्तो ना बे! हो! हो! होऽऽऽ!"

इतका भरघोस होकार मास्तरांना जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी उत्साहानं पाय दाबला. मागची दोन्ही चाकं कडेवरून उतरली, जीपचं पोट दणकन दगडांवर बसलं, आणि पुढची चाकं नमस्कार केल्यासारखी वर उचलली गेली. मागच्या बाकावर मनकर्णाबाई, मांडीवर पेटी, खाली घारी!

पेटीमागून आवाज आला, "मी जिती हाय का?"

"हालू नको!" उकंडरावांचा आवाज फाटला. त्यांनी धावत जाऊन बॉनेटवर उडी घेतली आणि पालथे पडले. त्यांच्या वजनानं पुढची चाकं जमिनीला टेकली. आयुष्यभर खाल्लेलं तूप त्या दिवशी कामी आलं! मनकर्णाबाई पेटीसकट पुढच्या बाकावर, तिथून मास्तरांच्या खांद्यावर पाय देऊन काचेवरून बॉनेटवर आल्या. उकंडरावांनी त्यांचा हात इतका घट्ट धरला, की बांगड्या पिचल्या. पुढं घटकाभर त्यांनी तो सोडला नाही, आणि बाईंनीही सोडवून घेतला नाही.

मग तोंडं सुटली.

"हो काऊन म्हन्लं मी? थांब म्हन्लं ना!"

"अहो, हो म्हणजे होय!" मास्तर काकुळतीला आले.

"होय म्हंजे हाव! हो म्हंजे थांब! बैलालेबी समजते!"

"मी बैल नाही हो, उकंडराव!"

"तेच त वांधं झालं ना!"

आता पंचाईत अशी, की दोघांपैकी एक जरी बॉनेटवरून उतरला तरी जीपचं नाक वर जाई. मास्तर जागचे हलले तरी गाडी करकरे. पुढची चाकं मास्तरांनी फिरवून पाहिली, ती खडीवर नुसती गरगरली. दिवस कलायला लागला. एका कासऱ्यावर आला. निंबखेडीहून वाऱ्यावर वाजंत्र्यांचा सूर यायला लागला, तसं उकंडरावांना तिथंच रडू फुटेल असं वाटलं.

तेवढ्यात खालून घुंगरं वाजली. दमणी! काल सकाळी निघालेला पंजाबराव पायथ्याच्या सोयऱ्याकडे जेवून, रात्रभर मुक्काम करून, दुपारचं घटकाभर लवंडून आता बैलाच्या चालीनं डुलत येत होता.

"होऽऽ! हो हो होऽऽ!" बैल जागच्या जागी उभे राहिले. मास्तरांनी ते डोळे भरून पाहिलं.

"दादा! वहिनी! वरात काढली का?" पंजाबरावानं विचारलं. मग त्याचं लक्ष मागच्या चाकांकडे गेलं, आणि त्याचं हसू मावळलं. "बापा रे!"

सगळ्यांना कळत होतं ते एकच. दमणी आत्ता निघाली तर गोरजाला पोचते. जीप काढत बसलं तर कोणीच पोचत नाही. उकंडरावांनी आधी मावळतीकडे पाहिलं, मग पेटीकडे. सहा वर्षांचा फोटो डोळ्यांपुढं आला, त्यातली ती मिशी आली. आणि मग शारदा आली. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून फेट्याचा तुरा चघळणारी. त्यांनी पेटी उचलून पुढं केली.

"घे पंजाब. लुगडं घेऊन जाय. पोरीचं लगीन खोळंबाले नको. तूच उभा राह्य मांगं." एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. फेट्याचं टोक डोळ्यांत गेलं होतं म्हणे.

पंजाबराव पेटी हातात घेऊन उभाच राहिला. "दादा, मांगच्या वख्ताले म्या उभा राह्यलो, त शारदीनं मले सहा वर्सं मामा म्हन्लं नाही. 'तुमी फोटोतले मामा' म्हने!" त्यानं पेटी जीपच्या पुढच्या बाकावर, मास्तरांशेजारी ठेवली. "मले नाही व्हाचं पुन्हा. जीप काढू, आन सारेच जाऊ. माहे बैल हायेत ना!"

बैल! उकंडरावांनी मान खाली घातली. मनकर्णाबाईंनी मात्र देवीला बोललेली साडी मनातल्या मनात बैलांच्या झुलीकडे वळवली.

दमणीचे बैल सोडून जीपच्या पुढं जुंपले. दोर ताठ झाला, नवराबायको बॉनेटवरून उतरले, मास्तरांनी गाडी सुरू केली. "हूंऽ! चाल राजा!" बैलांनी मान घातली, मास्तरांनी पाय दाबला, आणि जीप एका हिसक्यासरशी वर आली. उकंडरावांनी टाळी वाजवली!

ती अर्धीच वाजली. कारण त्या बैलांनी जन्मात आपल्या शेपटीमागं असला गुरगुराट ऐकला नव्हता. त्यात मास्तरांचं कोपर भोंग्यावर पडलं. पोंऽऽऽ! बैल उधळले. पंजाबराव बोरीच्या झुडपात, आणि बैल, दोर, जीप, मास्तर, पेटी, सगळं वळण पार करून माथ्याकडे दिसेनासं झालं!

"होऽऽ! हो हो होऽऽ!" दोघे भाऊ जिवाच्या आकांतानं ओरडत धावले. मागून मनकर्णाबाई धावल्या. धुळीतून मास्तरांचा क्षीण आवाज आला, "अहो, यांना सांगा नाऽ!" मग तोही ऐकू येईनासा झाला.

पुढं दीड कोस चालणं आलं. उकंडरावांचा नवा जोडा चावत होता, तो त्यांनी हातात घेतला. पंजाबराव चालता चालता काटे उपटत होता. मनकर्णाबाई सर्वांच्या पुढं होत्या आणि दर शंभर पावलांवर मागं वळून "तीन घंटे!" एवढंच म्हणत होत्या.

निंबखेडीत शिरले तेव्हा अंधारून आलं होतं. वाजंत्री दणक्यात वाजत होती. मांडवाच्या तोंडाशी जीप उभी, शाबूत. दोन्ही बैल शांतपणे मांडवाची केळीची पानं खात होते. आत बोहल्यावर पिवळं लुगडं नेसलेली शारदा. अक्षता पडून गेलेल्या. आणि शारदाच्या पाठीशी, डोक्यावर भरजरी फेटा, हातात नारळ, कपाळावर केवढा तरी टिळा लावून लक्ष्मीकांत मास्तर उभे! समोर खामगावचा फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत होता.

"झाला," तो म्हणाला. "फसक्लास आला!"

"मास्तर!" उकंडराव ओरडले. "हे काय हो?"

"अहो, मी काय करू?" मास्तर रडकुंडीला आले. "ब्रेक लागेना, बैल थांबेचनात. मग तुम्ही शिकवलेलं आठवलं. मी सारखा ओरडत आलो, हो! हो! हो!"

"मंग?"

"बैल ऐकेनात! मांडव आला तरी मी डोळे मिटून हो हो करतच होतो. तेवढ्यात भटजींनी विचारलं..."

"मी विचारलं," भटजी पुढं सरसावले, "लुगडं आणलं का? हे म्हणाले, हो. नवरीचे मामा तुम्हीच का? हे म्हणाले, हो! हो! होऽऽ! तीनदा म्हणाले, जोरानं म्हणाले. आता इतका हौशी मामा मी तरी कुठं पाहिला नव्हता. घटका भरत आलेली. केलं उभं!"

"आन तू? तुले त ठाऊक होतं!" उकंडराव सोजराबाईकडे वळले.

"दादा, मी वाट पाहू पाहू डोये फोडून घेतले! मुहूर्त निंगून चालला होता. म्हन्लं, दादानं लुगडं धाडलं, त मामाबी धाडला असन!" सोजराबाईनं डोळे पुसले, आणि लगेच हसत पाण्याचा तांब्या पुढं केला. "या पाव्हने! हातपाय धुवा!"

पाव्हने! तांब्या हातात घेऊन उकंडराव खालीच बसले. तेवढ्यात शारदा बोहल्यावरून उतरून आली, पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मामा, लुगडं लय साजरं हाय." तेव्हा मात्र डोळ्यांत गेलेलं फेट्याचं टोक नव्हतं. त्या वेळी फेटा जोड्याबरोबर हातातच होता.

आता सोजराबाईच्या ओसरीवर दोन फोटो आहेत. एकात पंजाबराव, दुसऱ्यात मास्तर. निंबखेडीची लहानथोर पोरं मास्तरांना मामा म्हणतात आणि ते सगळ्यांना "हाव" म्हणून ओ देतात. 'हो' त्यांनी कायमचं सोडलं आहे. जीप सोनाळ्यातच असते. तिच्यावर कोंबड्या बसतात.

मध्यंतरी पारावर कोणी तरी विषय काढलाच. "पाटील, सोजराबाईची तिसरी पोरगी हाय ना, विमल? तिच्या लग्नाले कायनं जाता? जीपनं का बैलानं?"

"पायी!"

"पोरगी केवढी हाय आता?"

"चार वरसाची."

"मंग निंगता कवा?"

उकंडरावांनी हिशेब केला, पायातला नवा जोडा पाहिला, माकडखिंडीच्या दिशेला नजर टाकली आणि म्हणाले, "उद्या सकाळी!"